अरबाबच्या दारातली सात युक्का

माझं नाव दत्ताराम, ताई, गाव गुहागर तालुक्यातलं, समुद्र घरापासून चालत अर्ध्या तासावर, आणि आमची पिढ्यान् पिढ्या सुपारीची बाग, म्हणजे शेजारच्या खोताची बाग आणि हात आमचे. बापाने मला शाळेच्या आधी झाडाला आळं करायला शिकवलं, बुंध्याभोवती माती ओढून गोल वाटी करायची, त्यात पाटाचं पाणी सोडायचं, वाटी भरली की पुढच्या झाडाला. दिवसातून शंभर आळी भरायचो. पाणी दिसलं की झाडाला द्यायचं, एवढीच आमची विद्या, आणि माझ्या हातचं झाड मरत नाय असा मला माजच होता म्हणा ना.

इथे दुबईत आलो ते बागकाम करणाऱ्या कंपनीत. राहायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कॅम्प, एका खोलीत आठ जण, पहाटे बस, दिवसभर कुणाच्या तरी व्हिलात लॉन घाल, खजूर उभा कर. बरं चाललं होतं. मग ती दोन हजार आठची मंदी आली, आणि तुम्हाला काय सांगू, काल खणलेला खड्डा आज तसाच सोडून यायचा, क्रेनी नुसत्या उभ्या, साइटी बंद. कॅम्पात दर गुरुवारी भिंतीला कागद लागायचा, त्यात नाव आलं की खलास, पंधरा दिवसांत विमान. आमच्या खोलीत आठाचे तीन राहिलो. तिकडे बायको फोनवर बोलायची, या तुम्ही, भाकरी तर मिळेल. पण भाकरीचंच नव्हतं ना ताई, मी माळी म्हणून आलेलो, नको झालेला माणूस म्हणून परत जायचं मला नको होतं.

तेव्हा आमचा फोरमन बशीरभाई, मलबारी, भला माणूस, तो बोलला, दत्ता, एकच काम उरलंय, खवानीजमध्ये एका म्हाताऱ्या अरबाबचं, म्हणजे अरब मालकाचं, घर आहे, त्याच्या दारात बारा झाडं लावायची आणि वर्षभर जगवायची. जगली तर अरबाब तुला आपल्या घरचा माळी म्हणून घरच्या व्हिसावर ठेवील. नाय जगली तर तुझं नाव कागदावर.

झाडं कसली, तर युक्का. जमिनीलगत तलवारीसारख्या पानांचा झुबका. अरबाब कुठे थंड मुलखात औषधपाण्याला गेला होता, तिथे इस्पितळाच्या अंगणात ही झाडं त्याने बर्फात उभी बघितली, पानांवर बर्फ आणि खाली हिरवीगार. झालं, म्हाताऱ्याने हट्टच धरला. बशीरभाईने कुंडीवरची चिठ्ठी वाचली, बर्फ सहन करतं. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, थंडीचं झाड आहे, ऊन लागलं की मेलं. चूक तिथेच झाली, पण तेव्हा ती शहाणपणाची वाटत होती.

मी जीव ओतला हो. नोव्हेंबरात खड्डे घेतले, शेणखत भरलं, वर हिरवी जाळी बांधली, आणि प्रत्येक झाडाला असं देखणं आळं केलं की बापाने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. सकाळी वाटी भरायची, संध्याकाळी वाटी भरायची. अरबाब काठी टेकत यायचा, बघायचा, माशाल्ला बोलायचा. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहान लागली. दुपारची वाटी वाढवली! मार्चात एका झाडाचं सुकलं पान काढायला गेलो तर अख्खा झुबका हातात आला, खाली मूळच नाय, नुसता काळा चिखल, आणि कुजका वास. त्या आठवड्यात पाच गेली. मी जन्मात पहिल्यांदा झाड मारलं, ताई, एक नाय, पाच.

बशीरभाई बोलला, यल्ला, चल, सांग की माल खराब आला, नर्सरीवर ढकल. मीही तेच सांगणार होतो. पण भिंतीच्या कोपऱ्यातल्या एका झाडाशी थबकलो. तिथे जाळी फाटलेली आणि पाइप पोचत नसल्याने मी त्याला कधीमधी बादलीभर द्यायचो, बहुतेकदा विसरायचोच. आणि तेच टवटवीत! ज्याच्याकडे बघितलं नाय ते जगलं, ज्यांचे लाड केले ती मेली. म्हणजे पाण्यानेच मारलं, माझ्या पाण्याने.

तिथून सरळ मजलिशीत, म्हणजे अरबाबच्या बैठकीच्या खोलीत गेलो. अरबाबला माझ्या मोडक्या हिंदीत बोललो, बाबा, झाड अच्छा था, पानी मैंने जास्ती दिया, मैंने मारा. म्हाताऱ्याचे डोळे लाल झाले. ये बर्फ में नहीं मरता, तेरे हाथ में मरता? मला वाटलं, आता काठीच बसणार. मी बोललो, सात बाकी है, मेरे को गर्मी निकलने तक टाइम दो. तो बोलला, गर्मी के बाद देखेगा, इन्शाल्ला. कंपनीला फोन त्यानेच केला, की तोवर माझं नाव कागदावर नको.

मग सातही उपटली. कोपऱ्यातलं एकटं चांगलं होतं, पण सगळी एका जागी हवीत ना. कुजकं कापलं, बुरशी मारायची पावडर लावली, चार दिवस सावलीत मुळं सुकवली. बायको फोनवर हसली, झाडं सुकवताय? मग रेती आणि खडीची गुडघाभर उंच गादी केली, पाणी टिकूच नये अशी, झुबक्याची मान मातीच्या वर ठेवली, जाळी फाडून फेकली. रुजेपर्यंत आठवड्याला थोडं पाणी, मग महिन्यातून एकदा.

सांगायला सोपं आहे. जूनमध्ये वारा भट्टीतून आल्यासारखा, पानांची टोकं करपतायत, आणि माझा हात आपोआप नळाकडे जातोय. जन्माची सवय ती! शेवटी मी नळाची चावीच काढली आणि अरबाबच्या हातात दिली, बोललो, मैं मांगेगा तो भी मत देना. जुलैत दोनदा मागितली. दोन्ही वेळा म्हाताऱ्याने नाय म्हणून मान हलवली.

ऑक्टोबरात एका सकाळी बघतो तर मधोमध नवं पान, कोवळं, सरळ वर. एकाला नाय, सातही झाडांना! मी असा ओरडलो की आतून सगळं घर बाहेर धावलं. अरबाबने सात बोटं मोजून दाखवली आणि घरच्या व्हिसासाठी माझा पासपोर्ट मागितला.

आणि फुलं? ती तिसऱ्या वर्षी आली. माझ्या डोक्यापेक्षा उंच दांडा, त्याला पांढऱ्या घंटाच घंटा. अरबाबने अख्खी गल्ली गहव्याला बोलावली, म्हणजे त्यांच्या कॉफीला, मला शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, पाँच इसने मारा, सात इसने बचाया, और दोनों इसने खुद बोला. माणसं हसली, मी पण हसलो, आणि डोळ्यांतून पाणी यायचं ते आलंच.

आता बुंध्याला पिल्लं फुटून सातांची किती झाली ते मोजत नाय. आजूबाजूच्या सहा घरांत मीच लावून दिली. गुडघे बोलायला लागले, म्हणून मागच्या महिन्यात अरबाबला सांगितलं, बाबा, आता घरी जातो. तो बोलला, तेरे को किसने बोला जाने को? मी बोललो, किसी ने नहीं, बाबा. हे सांगताना, ताई, मला राजा झाल्यासारखं वाटलं. मला कोण पाठवत नाय. मी जातोय. तुमचंही असंच होवो, जिथे असाल तिथून आपल्या मर्जीने उठा.