पुट्टू शिल्लक आहे

नाही मोने, नाही बाळा, जॅन्सी बाहेर येणार नाही — तो गुच्छ त्या खुर्चीवर ठेव आणि बस. महामारीत झटलेल्या बायकांचा सत्कार, तुमच्या कंपनीतर्फे, कोचीत — वाचलं मी पत्र. आणि माझ्या बायकोचं ॲप स्टोअरवरनं काढलं कोणी? तुमच्याच कंपनीनं ना? तू तेव्हा कॉलेजात असशील, तुला काय माहीत! ऐक.

इथं इरिंगालकुड्यात पॉलिटेक्निकला शिकवायची ती. कोरोना आला आणि डायलिसिसवाल्यांचे हाल सुरू झाले — आज हे केंद्र बंद, उद्या ते, कारण तिथली नर्सच आजारी. डायलिसिस काय चुकवता येतं? मग हिनं ॲप केलं. रोज सकाळी केंद्रांना फोन करायची, कुठं मशीन मोकळं आहे ते त्यात टाकायची. एवढंच. तर तुमचा मेल — कोरोनाचं ॲप फक्त सरकारनं नाहीतर मान्यताप्राप्त संस्थेनं काढायचं. नियम वाईट होता असं नाही म्हणत मी हं — कसले कसले भामटे काढे खपवत होते तेव्हा, आमच्या चर्चच्या ग्रुपवरसुद्धा! पण समोरचं माणूस बघायचं की नाही? ही सरकारी पत्र आणायला गेली, तर साहेब म्हणाले, "आमचं स्वतःचं ॲप आहे की, टीचर." होतं ना! त्यात डायलिसिस नव्हतं.

मग ही इरेला पेटली. कोरोना हा शब्दच काढला, खानावळीचा मेनू केला त्याचा, सकाळच्या न्याहारीचा — केंद्रापुढं 'पुट्टू शिल्लक' म्हणजे मशीन मोकळं, 'पुट्टू संपलं' म्हणजे जाऊ नका. पेशंट हसायचे, मोने, त्या दिवसांत हसायचे! — तुमच्या लोकांनी तेही पकडलं. दिशाभूल म्हणे. खातंच बंद केलं तिचं. विनवण्या केल्या, उत्तर तेच ते, खाली नाव कुणाचंच नाही. लोकांच्या फोनात ॲप राहिलं, पण आतला मेनू गोठला — तिला काही बदलता येईना. एकेकाला फोन करून सांगत बसली, त्यावर विसंबू नका.

औसेप्प म्हणून एक म्हातारे होते, त्यांनाही सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्यांना दम लागला, हिचा फोन सारखा एंगेज — दुसऱ्यांसाठीच लावत होती ना! — त्यांनी ॲप उघडलं. नदीपलीकडच्या केंद्रापुढं 'पुट्टू शिल्लक'. रिक्षानं गेले, तर केंद्राला कुलूप. दुसरीकडं नेता नेता रिक्षातच प्राण गेला. रिक्षावाल्यानं मला सांगितलं — तिकडं जाताना तो वाटेत म्हणत होता, आधी फोन करून बघू या, तर म्हणाले, "चल रे, ॲप चुकायचं नाही. माझ्या मुलीनं केलंय."

हो. सासरे माझे. अप्पच्चन. आता बोलून गेलो खरा, पण तू हे कुठं बोलू नकोस — जॅन्सीला मी सांगितलंय, त्यांनी ॲप बघितलंच नाही, सवयीनं तिकडं गेले. तेवढ्यावरच कशीबशी उभी आहे ती, नाहीतर —

जॅन्सी? तू कधीपासून इथं —

ऊठ, मोने. गुच्छ घे आणि जा. जा म्हणतो ना!