बकुळाच्या नावातले पोटभाडेकरू

विषय : माझी धाकटी बहीण बकुळा हिचे नाव पुन्हा मराठीत आणण्याबाबत. संदर्भ : परळची आमची पाडलेली चाळ.

आता तुम्हीच सांगा, असला विषय मी उभ्या नोकरीत कधी लिहिला असेल का हो? चाळीच्या जागी टॉवर झाला, बकुळाच्या खोलीची चावी तयार, आणि विकासकाच्या यादीत तिच्या नावाच्या जागी काय, तर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, मग चार पायांचा गोल किडा, मग एक मोडकी काडी, मग पुन्हा तोच ए... रकान्याबाहेर लोंबतंय नाव! चाव्या वाटायच्या वेळीच कशी बिघडतात हो नावं? मला संशय येतो, बरं का!

शेजारच्या वैशालीची दर्शना कॉम्प्युटरमध्ये आहे. ती म्हणाली, "काका, मराठी अक्षराला कॉम्प्युटरच्या आत तीन घरं लागतात, इंग्रजीला एकच पुरतं. कुणीतरी मराठी मजकूर इंग्रजीच्या हिशेबाने वाचला, म्हणून प्रत्येक घराचं वेगळं अक्षर झालं."

तीन घरं! अहो, आम्ही सात माणसं एका खोलीत वाढलो, आणि एकट्या 'ब'ला तीन घरं? मंजूर कुणी केली? आणि त्यांत हे परके पोटभाडेकरू घुसले कसे? मला संशय येतो, बरं का!

दर्शनाने पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या. "पायथन म्हणजे अजगर ना गं?" "हो काका." झालं! गिळणाऱ्याच्याच हाती नाव दिलं! पण नाही हो, पहिल्या ओळीने मजकूर उसवला, दुसरीने मराठीत शिवला, आणि पडद्यावर... बकुळा! ती रडलीच. "दादा, सुटले रे त्या अँटॉप हिलच्या भाड्याच्या खोलीतून!"

गेलो विकासकाच्या हापिसात. खिडकीत अभय नावाचा पोरगेला साहेब. "अंकल, दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन टाका ना." टाकला. उत्तर आलं : अर्जदाराचे नाव नोंदीतील नावाशी जुळत नाही. अहो, जुळत नाही म्हणूनच तर अर्ज! अभय म्हणतो, "मग नोंदीत आहे तस्संच टाका." दर्शनाने तो किडामुंगीचा मजकूर जसाच्या तसा टाकला. उत्तर : नावात फक्त मराठी अक्षरे चालतील.

"सिस्टीम आहे, अंकल," अभय म्हणाला, "आपल्या हातात काय नाय."

आणि अर्जाखाली 'प्रलंबित' कसा उमटलाय बघा! ठसठशीत, अनुस्वारासकट, जोडाक्षरसुद्धा फुटलं नाही! असलेच शब्द कसे हो येतात यांना नीट? मला संशय येतो, बरं का...

बकुळा अजून अँटॉप हिललाच आहे. अर्ज प्रलंबित आहे.