संपर्कात नसलेली आत्या

…म्हणजे अख्ख्या खानदानाला फोन आला आणि मला नाही! अहो तोच तो फोन, पालिकेच्या वॉर रूममधून येतो ना कोरोनाचा, 'तुम्ही अमुक पेशंटच्या संपर्कात आला होतात का' म्हणून विचारतात, तो! बोरिवलीला आला, अंधेरीला आला, चेंबूरला आला, जुहूच्या त्या हॉटेलातल्या वेटरला आला… वेटरला, तुम्हाला सांगते! आणि मी इथे मुलुंडला फोन मांडीवर घेऊन बसलेली, सख्खी आत्या, मला नाही! एकदा वाजला. मी घसाबिसा साफ केला, पदर सारखा केला, फोनला पदर कशाला लागतो, पण केला, आणि म्हटलं, 'हॅलो, मी वसुधा, रेवतीची आत्या बोलतेय.' तर पलीकडून काय, 'मॅडम, पर्सनल लोन चाहिए क्या?' आता बोला!

तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय, कोरोनाचा फोन आला नाही म्हणून कोणी रडतं का? थांबा हो. आधी ऐकून तर घ्या. रेवती म्हणजे माझ्या भावाची, श्यामकांतची मुलगी. श्यामकांत आणि वहिनी दोघं नोकरीला, मी घरी शिकवण्या घ्यायची, लग्नबिग्न काही केलं नाही, तर ही पोरगी शाळा सुटली की माझ्याकडे. तेव्हा ते इथेच राहायचे मुलुंडला, वरच्या मजल्यावर, मग घाटकोपरला मोठा ब्लॉक घेतला. माझ्या पोळपाटाशी बसून वाढलेली मुलगी ती! वाल सोलायला बसायची माझ्याबरोबर. भिजलेला वाल दोन बोटांत दाबला की सट्‌कन उडतो ना, ही मुद्दाम माझ्या कपाळावर नेम धरायची. निम्मे वाल पातेल्यात, निम्मे कपाटाखाली, नंतर केर काढताना कपाटाखालून मोड आलेले वाल निघायचे! आणि मग ते बिरडं, नारळ, आमसूल, गूळ घातलेलं, वाडगा पुसून खायची. तर आता त्या रेवतीचं लग्न ठरलं. मुलगा निहार, चांगलाय, हैदराबादला असतो. म्हणजे लग्न झालं की हीही हैदराबादला. सगळे म्हणतात, 'हैदराबाद काय पाताळात आहे का?' नाही ना. पण माझ्या स्वयंपाकघरातही नाही ना!

मग आता तिचं केळवण नको करायला? लग्नाआधी मुलीला जेवायला बोलवायचं, पाट, रांगोळी, औक्षण, तिच्या आवडीचं करायचं, साडी द्यायची… मी तर साखरपुड्याच्या दिवशीच म्हटलं, 'रेवती, पहिलं केळवण माझ्याकडे.' तर ती गळ्यात पडून काय म्हणाली माहितीये? 'अगं आत्या, तू काय, घरचीच! तुझ्याकडे कधीही येईन!'

कधीही! तुम्हाला सांगते, ज्या माणसाकडे 'कधीही' यायचं असतं ना, त्याच्याकडे कधीच यायचं नसतं. आणि बिरडं 'कधीही' होत नाही हो! वाल आधी भिजत घाला, मग फडक्यात बांधून मोड आणा, मग सोला. त्याला तारीख लागते. मी वाल भिजत घातले की हिचा फोन. 'आत्या, देवदत्तमामा ऐकतच नाहीये गं, रविवारी बोरिवलीला जायलाच लागणार. तू काय, घरचीच!' झालं. मोड आलेले वाल काय माझी वाट बघत थांबणारेत? एकटीने खाल्ले. पुढच्या आठवड्यात परत भिजत घातले. 'आत्या, सुगंधामावशी रुसेल गं, अंधेरीला आधी जाऊन येते. तू समजून घेशील.' समजून घेतलं. वालही खाल्ले. नंतर चेंबूरच्या मैत्रिणी, मग ऑफिसवाल्यांचं जुहूला हॉटेलात केळवण… पिझ्झ्याचं! पिझ्झ्याभोवती झेंडूची फुलं मांडलेली, फोटो पाठवला मला, खाली लिहिलंय 'मिसिंग यू आत्या'. मी इथे वाल सोलतेय आणि ही मला मिस करतेय पिझ्झ्यापाशी!

आणि तेव्हा वातावरणच तसं होतं ना. सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं, कोरोना गेला. मास्क असायचे, पण हनुवटीला. बोरिवलीला देवदत्तमामा तर खोकतच होता, स्वतः वहिनीने सांगितलं मला. कोणीतरी म्हणालं, 'मामा, टेस्ट कर.' तर म्हणतो कसा, 'हॅ! हा खोकला ॲसिडिटीचा आहे, मला माझा खोकला ओळखता येतो!' आणि मग उखाणा. निहारपण आला होता त्या दिवशी, मग काय, उखाणा घेऊन एकमेकांना घास भरवायचा, मग मामाने भरवायचा, मामीने भरवायचा, आणि मामाचा तो चांदीचा चमचा! सासऱ्यांनी दिलेला. श्रीखंडात चमचा, रेवतीच्या तोंडात, निहारच्या तोंडात, परत श्रीखंडात, मामाच्या तोंडात… एकच चमचा हो! फोटो काढताना मामा ओरडतोय, 'मास्क काढा रे, चेहरे दिसायला नकोत का?' दिसले ना. सगळ्यांचे दिसले.

मग व्हायचं तेच झालं, रेवती पॉझिटिव्ह! निहार पॉझिटिव्ह. आणि वॉर रूममधून फोन आला, सपना नावाची मुलगी, फार गोड बोलते म्हणे. 'ताई, गेल्या काही दिवसांत कोणाकोणाला भेटलात?' आणि आमची रेवती, सत्यवादी, लागली सांगायला. बोरिवली केळवण, अंधेरी केळवण, चेंबूर केळवण… ती सपना बिचारी दमली. 'ताई, तुम्ही जेवायला घरी कधी होतात का?'

आणि मग जी वाट लागली, काय सांगू! हेच लोक, जे तारखांसाठी भांडत होते, ते आता एकेक करून हात झटकायला लागले. सुगंधामावशी! पाटापासून दारापर्यंत पदार्थ मांडलेले बाईने, फॅमिली ग्रुपवर बासुंदीचा वेगळा फोटो, तो क्लोज-अप. ती सपनाला सांगते, 'रेवती ना? आली होती, पण उभ्या उभ्या. नुसतं पाणी प्यायली हो!' देवदत्तमामा म्हणे, 'आमच्याकडे आम्ही दोघंच होतो.' दोघंच! आणि ग्रुपवर पटापट काय येतंय, 'हा मेसेज डिलीट केला आहे', 'हा मेसेज डिलीट केला आहे'… दुपारपर्यंत तिची सगळी केळवणं पुसली गेली! पण सपना पक्की. सगळ्यांना शोधून काढलं, सगळ्यांच्या टेस्ट, सगळ्यांच्या हातावर शिक्के. सुगंधामावशीने तर शिक्क्यावर कोपरापर्यंत बांगड्या चढवल्या आणि भाजीवाल्याला सांगते, 'घरात लग्न आहे ना!'

देवाच्या दयेने सगळं थोडक्यावर निभावलं बरं का, ताप, कणकण, अंगदुखी, बस. म्हणून तर हसतेय. पण तेव्हा मी काय करत होते? ऐकत होते. मामाचा फोन, 'वसू, मी हाय रिस्क आहे!' मावशीचा फोन, 'मीही हाय रिस्क!' अशा थाटात सांगतात, जसा काही पहिल्या रांगेतला पास मिळालाय. तो वेटर लो रिस्क. आणि मी? मी कशातच नाही! गेल्या काही दिवसांत रेवती कोणाच्या सहा फुटांच्या आत आली याची अख्खी पालिका चौकशी करतेय, आणि त्यात माझं नाव नाही. असणार कसं? आलीच नव्हती ना ती! तोपर्यंत मी मनाची समजूत घालत होते की गडबडीत आहे पोरगी. आता काय, सरकारनेच शोधून काढलं. लागतं हो मनाला. मला तिची आठवण येत होती, बाकी काही नाही. नुसती येऊन खुर्चीत बसली असती, मोबाइल बघत का होईना, तरी चाललं असतं.

आणि मग आला फोन! सपनाचा नाही, श्यामकांतचा. तो आणि वहिनीही पॉझिटिव्ह. 'वसू, अगं घरात तिघंही आडवे. मामा बंद, मावशी बंद, अख्ख्या घराण्यात तू एकटीच निगेटिव्ह आहेस बघ. डबा करशील का? परक्यांना कसं सांगायचं? तू काय, घरचीच!'

मी फोन ठेवला आणि फडक्याकडे बघितलं. वालांना मोड आलेले! अहो सवयच झाली होती, येवो न येवो, भिजत घालायचे.

मग म्हटलं, डबा कसला, केळवणच करते! बिरडं केलं, भात, पुऱ्या, नारळाची वडी, साडी घेतली, निरांजन घेतलं, दोन मास्क चढवले आणि रिक्षाने घाटकोपर. गेटवर वॉचमन चंद्रप्रकाश. 'माताजी, ऊपर नहीं जा सकते, फ्लोअर सील है.' मी म्हटलं, 'ऊपर कौन जा रहा है?' आणि खाली वाकून तिथेच, गेटशेजारी, रांगोळी घातली. तो बघतच राहिला. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत रेवती आली, केस पिंजारलेले, शाल गुंडाळलेली, आणि वरून किंचाळली, 'आत्याऽऽ, काय करतेयस?' मी खालून, 'केळवण! नीट उभी राहा, पूर्वेला तोंड कर!' तिने दोरीला पिशवी बांधून खाली सोडली, मी डबा आणि साडी ठेवली. औक्षण करायला गेले तर वाऱ्याने निरांजन विझतंय. चंद्रप्रकाशने त्याचं रजिस्टर आडवं धरलं वाऱ्याला. मी ओवाळतेय तिसऱ्या मजल्याला! समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्यांत. एका आजोबांनी तर हात जोडले, त्यांना वाटलं, कसली तरी आरती चाललीय.

ती बाल्कनीतच बसली जेवायला, जाळीतून मला दिसेल अशी. पहिला घास घेतला. मी मान वर करून करून अवघडले, ओरडले, 'कसं झालंय गं?' ती नुसती चावतच राहिली. म्हटलं, मीठ विसरले की काय! तर रडवेली होऊन सांगते, 'आत्या, मला वासच येत नाहीये. चवपण नाही कळत कसलीच.'

घ्या! बोरिवलीच्या श्रीखंडाची चव कळली, बासुंदीची कळली, पिझ्झ्याचीसुद्धा कळली, आणि माझ्या बिरड्याच्या वेळी… मी म्हटलं, 'मग ठेव गं ते, कशाला उगाच खातेस?' तर म्हणाली, 'कळत नाहीये. पण आठवतेय ना!' आणि सगळं खाल्लं, वाडगा पुसून. आणि एक वाल, तुम्हाला सांगते, दोन बोटांत धरून माझ्यावर नेम धरला. शिजलेला वाल कुठला उडतोय! बाल्कनीच्या कठड्यावरच पडला. पण मी खाली कपाळ चोळलं. लागला मला.

दुसऱ्या दिवशी फोन. 'नमस्कार, वॉर रूममधून सपना बोलतेय.' आला! अहो, आला! रेवतीने तिला स्वतःहून सांगितलं होतं, 'काल माझं केळवण झालं, आत्याने केलं.' मी हातातलं सगळं टाकून खुर्चीत बसले. 'पेशंटशी नातं काय, काकू?' 'आत्या.' 'म्हणजे घरच्याच?' 'घरचीच!' 'अंतर किती होतं?' 'तिसरा मजला.' 'मास्क?' 'दोन.' 'मग नाही हो काकू, तुम्ही संपर्कात बसत नाही.' मी म्हटलं, 'अहो, असं कसं? डब्याला माझा हात लागला, मग तिचा लागला. लो रिस्कमध्ये तरी धरा ना! त्या वेटरला धरलंत!' ती हसायला लागली. 'काकू, लोक सुटायला बघतात, तुम्ही अडकायला बघताय. तुम्ही एकदम सेफ आहात, काळजी करू नका.'

सेफ! ते तर मला माहितीये हो. दार लावून एकटी बसलेली बाई सेफच असते, तिला काय धाड भरलीये.

मग तीच विचारते, 'काकू, केलं काय होतं केळवणाला?' मी म्हटलं, 'वालाचं बिरडं.' 'अय्या! आमची आई करते. मी घरीच गेले नाहीये किती दिवस, इथेच हॉस्टेलवर आहे, ड्युटी संपतच नाही.' आवाज एवढासा झाला हो तिचा. दिवसभर सगळ्या मुंबईला विचारते, कोणाला भेटलात, कोणाबरोबर जेवलात, आणि हिला विचारणारं कोणी नाही. मला राहवलं नाही, म्हटलं, 'मुली, सगळं निवळलं की मुलुंडला ये. आत्ताच वाल भिजत घालते.'

तर खूश होऊन काय म्हणाली माहितीये? 'नक्की, काकू! तुमच्याकडे काय, मी कधीही येईन!'

कधीही! घ्या. म्हणजे हीसुद्धा घरचीच झाली.