आजीचं माप

आदरणीय अध्यक्षमहाशय, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले पाळकसाहेब आणि पाळकीणबाई, त्यांच्या जागी येणारे नवे पाळकसाहेब, व्यासपीठावरचे वडीलधारे पंच, महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणी, गायनवृंदातली तरुण मंडळी, आणि मागच्या बाकावर बसून आत्तापासूनच घड्याळाकडे बघणारे माझे बंधू, सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझा उभा जन्म मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेला. ‘दोनच मिनिटं हं’ असं म्हणून मी माणसांना तास तास बाकावर बसवलेलं आहे. तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडून फार आशा ठेवू नये.

अशा प्रसंगी कार्याचा आढावा घ्यायची पद्धत आहे. तो सेक्रेटरींनी घेतलाच. बाळंतिणींची खोली कुणी उभी केली, शब्बाथशाळा कुणी वाढवली, चर्चच्या छपराची गळती कुणी थांबवली, सगळं सांगून झालं. गळती अजून थांबलेली नाही, पण आजच्या दिवशी ते कशाला काढा! मी आपली एका स्वेटरबद्दल बोलणार आहे. हसताय काय? तुम्हाला वाटतंय, साहेबांच्या परतीचा निर्णय मिशनच्या कार्यालयाने घेतला. कार्यालयाने नुसती सही केली हो. निर्णय घेतला तो या स्वेटरने. भिंगरी, जरा उभी राहा गं. बघा सगळ्यांनी. डोक्यावर पंखे गरगर फिरताहेत आणि ही पोर अंगात जाड लोकरीचा निळा स्वेटर घालून बसली आहे. बस आता, बस. लाजू नकोस.

नव्या पाळकसाहेबांना सांगते, ही यांची एकुलती एक लेक. हिचं बाप्तिस्म्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण पोर क्षणभर एका जागी थांबेल तर शपथ, म्हणून आम्ही हिला भिंगरी केलं. हिची नाळ मी कापली, तेव्हा नाव ठेवायचा हक्कही माझाच.

आता, आपल्या मंडळीला नाताळ कसा लागतो हे मी काय सांगू? डिसेंबर लागला की पाळकांच्या घराची नुसती धर्मशाळा व्हायची. स्वयंपाकघरात देवदूतांचे पंख वाळत घातलेले, न्हाणीघरात मेंढपाळांच्या काठ्या, पलंगावर दवाखान्यातल्या रोग्यांसाठी बांधलेल्या भेटी. मग झोपायचं कुठे? जिथे जागा मिळेल तिथे. साहेब अंगणात गव्हाणीला खिळे ठोकताहेत, निम्मे खिळे आणि निम्मी बोटं. नाटक बाई बसवणार, गाणी बाई शिकवणार, आणि गायनवृंदात रुसवेफुगवे झाले की दोन्हीकडची समजूतही बाईच काढणार. आपण सगळ्यांनी त्यांच्या जिवावर किती नाताळ साजरे केले! आणि त्यांचा स्वतःचा नाताळ? कधी कुणी विचारलं? मीही विचारलं नव्हतं. मला तो अपघाताने कळला.

साहेब आणि बाई इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. भिंगरी तान्ही. उन्हाळा असा की दवाखान्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. दुपारी मी त्यांच्या घरावरून चालले होते. खिडकीतून बघते तर काय, साहेब आणि बाई दोघांच्याही अंगात लोकरी स्वेटर, बाळाच्या डोक्याला लोकरीची टोपी, आणि घामाने तिघंही चिंब! मी म्हटलं, देवा रे, अख्ख्या घराला हिवताप चढला. हातातली पिशवी टाकून आत धावले. साहेब तोंड उघडून गात होते, त्या उघड्या तोंडात मी थर्मामीटर घातला. बाईंची नाडी धरली. बाई हसून हसून खाली बसल्या. ‘सिस्टर, ताप नाही हो. आमचा नाताळ आहे आज!’

मग उलगडा झाला. बाईंच्या आई तिकडे दूर, बर्फाच्या मुलुखात एकट्या राहायच्या. दर नाताळला पार्सल पाठवायच्या. सगळ्यांना स्वतः विणलेले स्वेटर. पार्सल बोटीने निघायचं, बंदराबंदरात रेंगाळायचं, आणि इथे पोचायचं भर उन्हाळ्यात. तेव्हा या घराने नियमच करून टाकला होता. डिसेंबरातला नाताळ मंडळीचा. घरचा नाताळ पार्सल येईल त्या दिवशी. मग तो कधी का येईना! दाराला कागदी चांदणी लावायची, पार्सल फोडायचं, स्वेटर अंगात घालायचे आणि गायचं. त्या दुपारी मलाही एक मफलर मिळाला. मी तो घातला. घामोळं उठलं, पण घातला.

एक गंमत सांगते. आजींचे स्वेटर भिंगरीला कधी म्हणजे कधी बसले नाहीत. बिचाऱ्या फोटो बघून माप धरायच्या. फोटो जाईपर्यंत आणि पार्सल येईपर्यंत पोर वीतभर वाढलेली असायची. दर वर्षी बाह्या आखूड, दर वर्षी गळा तंग. मग एकदा घालून झाला की तो स्वेटर मंडळीतल्या धाकट्या पोरांकडे जायचा. इथे बसलेल्या निम्म्या तरुणांनी त्या आजींचे स्वेटर घातलेत. काय रे, खोटं बोलते का मी? मान काय घालता खाली!

आता जे सांगणार आहे ते बाईंना विचारून सांगते आहे. भिंगरी शाळेत जायला लागली होती. तो डिसेंबर. नाटकाच्या तालमी चाललेल्या, आणि तिकडून निरोप आला की आजी गेल्या. बाईंना जायचं म्हटलं तरी पोचणार कधी? माती मिळून गेली होती. बाईंनी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. नाटक बसवलं, गाणी म्हटली, रोग्यांना भेटी वाटल्या. मला ठाऊक होतं, कारण साहेबांनी माझ्या कानावर घातलं होतं. मी बाईंकडे बघायची आणि मला रडू यायचं, बाईंना यायचं नाही.

नाताळ सरला तशा बाई आतून खचल्या. बोलणं तुटलं. आणि उन्हाळ्यात, नेहमीसारखं, पार्सल आलं. आजींनी जाण्याआधी बोटीवर घातलेलं. बाईंनी ते कपाटावर ठेवून दिलं. फोडलं नाही. चांदणी लावली नाही. साहेब काही बोलले की म्हणायच्या, ‘ते फोडलं की आई संपली.’

मग एक दिवस मी गेले तर पलंगाखालच्या ट्रंका बाहेर काढलेल्या. मला म्हणाल्या, ‘सिस्टर, आम्ही परत जातो. आईच्या शेवटाला मी नव्हते. इथे कुणाकुणाच्या आईला पाणी पाजलं, माझ्या आईला नाही. कशाला राहू?’

बाळंतिणींची खोली तेव्हा अर्धी बांधून झाली होती. तुमच्या जाण्याने ती तशीच पडेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोलले. दुःखात असलेल्या माणसाला कामाचं ओझं दाखवू नये. मी त्यांच्या शेजारी ट्रंकेवर टेकले.

तेवढ्यात भिंगरी आत आली. त्या रखरखीत उन्हात तिने मागच्या वर्षीचा लाल स्वेटर चढवला होता. कुणाला द्यायचा राहिलेला. बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, एक बटण लागत नव्हतं, चेहरा लालबुंद. बाई ओरडल्या, ‘अगं, वेड लागलं का तुला? काढ तो!’

पोर म्हणाली, ‘नाही काढणार. आपण या वर्षी नाताळ केलाच नाही, हे आजीला वरून दिसलं तर तिला काय वाटेल?’

बाई उठल्या. खुर्ची ओढली, वर चढल्या आणि पार्सल खाली काढलं. दोऱ्यांच्या गाठी सुटेनात, मी माझी कात्री दिली. साहेबांचा स्वेटर निघाला. बाईंचा निघाला. मग हा निळा निघाला. भिंगरीने अंगात घातला आणि तो तिच्या घोट्यापर्यंत लोंबायला लागला! बाह्या जमिनीला टेकल्या. पोर त्यात पार हरवून गेली. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. मी म्हटलं, ‘आजीबाईंचं माप या खेपेला भलतंच चुकलं की हो!’

बाई हसल्या नाहीत. पार्सलच्या तळाशी त्याच निळ्या लोकरीचा एक गुंडा होता, पुढेमागे उसवलं तर असावा म्हणून. तो त्यांनी हातात धरला आणि त्यांना रडू कोसळलं. डिसेंबरपासून अडलेलं ते रडणं. आणि मग म्हणाल्या, ‘चुकलं नाही, सिस्टर. आईला कळलं होतं की हा तिचा शेवटचा. हा इथल्यासाठी विणलेलाच नाही. इथे एवढा जाड स्वेटर कशाला लागतो? हा तिकडच्या थंडीत घालायचा आहे. पोरीला बसेल तेव्हा घरी या, तोवर तुमचं काम करा, असं सांगितलंय तिने मला.’

खरं काय ते त्या माउलीला आणि देवाला ठाऊक. पण दाराला चांदणी लागली. साहेबांनी बेसूर आवाजात गाणं धरलं. आणि ट्रंका पुन्हा पलंगाखाली गेल्या. बाळंतिणींची खोली पुरी झाली ती त्यानंतर. तुमच्यापैकी कितीजणांची पोरं त्या खोलीत जन्मली!

त्या वर्षापासून घरचा नाताळ याच स्वेटरवर होऊ लागला. नवं पार्सल येणार कुठून? म्हणून बाई दर उन्हाळ्यात हा बाहेर काढायच्या, भिंगरी घालायची, आणि आम्ही बघायचो. गुडघ्यापर्यंत आला. मांडीपर्यंत आला. बाह्या आधी चार वेळा दुमडायच्या, मग तीन, मग दोन. माणसं आपली पोरं वाढावीत म्हणून प्रार्थना करतात. मी बाई उलटी प्रार्थना करायची. देवा, ही पोर जरा सावकाश वाढू दे. तुझ्याकडे काय घाई आहे? पण देवाने माझं ऐकलं नाही, आणि बाईंनी तिला दूध पाजायचं सोडलं नाही.

या उन्हाळ्यात भिंगरीने स्वेटर घातला आणि बाह्या दुमडायला हात नेला, तर दुमडायला काही उरलंच नव्हतं. बाही बरोबर मनगटावर. खांदे खांद्यावर. आजींनी फोटोसुद्धा न बघता धरलेलं माप, सुताचाही फरक नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून चहा केला आणि दोघी प्यायलो.

तेव्हा बाई, जा. सुखाने जा. तुमच्या आईने बोलावलंय, आम्ही कोण अडवणार? तिकडे बर्फ पडेल, ही पोर हा स्वेटर घालून आजीच्या दारात उभी राहील, आणि पहिल्यांदाच त्या स्वेटरात कुणाला घाम येणार नाही.

फक्त एक आठवण देते. तुमच्या घराचा नियम तुम्हीच घातलेला आहे. डिसेंबरातला नाताळ मंडळीचा, घरचा नाताळ पार्सल येईल तेव्हा. महिला मंडळाने भिंगरीसाठी एक कपडा शिवला आहे. आज तो मी मुद्दाम देणार नाही. बोटीने पाठवणार आहे. रेंगाळत रेंगाळत येईल. तोवर घरी चांदणी लावायची नाही, सांगून ठेवते.

अध्यक्षमहाशय, तुमची पाच मिनिटं मी केव्हाच खाऊन टाकली. तुम्ही घंटी वाजवली नाही, डोळे पुसत बसलात, याबद्दल तुमचे आभार. सभागृह सजवणाऱ्या मुलांचे आभार, आणि शेवटच्या बाकावरच्या बंधूंचे विशेष आभार, जागे राहिल्याबद्दल. अडाणीपणाने काही कमीजास्त बोलले असेन तर सगळं पदरात घ्या, पोटात घाला.

मात्र भिंगरी, पार्सल उघडशील तेव्हा तो कपडा तुला मोठा होईल. पुष्कळ मोठा होईल. ती आमची चूक समजू नकोस. नीट घडी घालून ठेव, आणि बसायला लागला की घालून इकडे ये.