लाल दोऱ्याचं झाड

—नको साहेब, त्या झाडाला हात नको. तुमी ही ओळ बघा ना. गावठी बेलवांग्याच्या, म्हणजे आपल्या गावठी टोमॅटोच्या, फुलाला विलायती टोमॅटोचा पराग लावला, त्याची ही नातवंडं. गावठी रोगाला दाद देत नाय, पण फळ बारकं नि आंबट. विलायती मोठं, पण झाडच टिकत नाय. पोरं सगळी एकसारखी निघाली, नातवंडांत मात्र दोन झाडं सारखी नायत. हे लगडलेलं बघा, कापलंत तर आत गरच जास्त, बी थोडं— हेच धरा बियाण्याला. काय? दोरा ह्या चांगल्याला हाय, मग त्या मरतुकड्याला कशाला? तेच सांगतो—

दोरा म्हणजे खूण. नाथन मास्तरांची ही वाडी, त्यांच्या लेकीची, जेरुशाची रीत. कळीतले केसर सुईनं काढायचे, दुसऱ्याचा पराग लावायचा, देठाला लाल दोरा बांधायचा. फांदी हलू नये म्हणून मी धरायचो. गव्हाण गावच्या बाया तोडणीला यायच्या, जाताना ओटीत चार बेलवांगी टाकायच्याच. पण दोऱ्याचं फळ कुणी शिवायचं नाय. देवीचा नवस वाटायचा ना त्यांना! म्हणून तर बी वाचलं. त्यातली गोदूबाई मला विचारायची, "काय मागितलंस रं, बायको?" जेरुशा हसून हसून बांधावर बसली. मी पण हसलो— हसायलाच पाहिजे होतं.

मग मास्तरांचं घरच्यांसकट बोटीनं इस्रायलला जायचं ठरलं. वाडी तुमाला विकली. जेरुशानं दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं, म्हणाली, "बळीराम, चांगलं झाड दिसलं की बांध हं." आणि मी त्याच दिवशी पहिला दोरा ह्याला बांधला. बोकड्या रोग तेव्हाच लागला होता, पानं अशीच आवळलेली— मला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण चांगल्या झाडाला बांधला असता तर ती खूणच झाली असती, साहेब. ही खूण नाय. गोदूबाई म्हणायची ना, तसला—

काय मागितलं ते नका विचारू. बोट गेली.

हो, बोकड्या पसरतो, माहीत हाय. शेजारचं झाड आखडायला लागलंय, तेही दिसतंय. रोगट झाड ओळीत ठेवायचं नाय— तिनंच शिकवलंय मला.

सरका. तुमी नको, मीच उपटतो. असं वरवर ओढून येत नाय ते, खालून धरावं लागतं—

दोरा? असू दे माझ्याकडे. ती पुढची ओळ बघून घ्या तुमी. मी आलोच.