पडद्याबाहेरचे बाकडे

१९९४ साली, कडेगावजवळच्या आरोग्य केंद्रात, नर्सबाईंनी दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या मायाला प्रथमच एकटीला तपासणीसाठी आत नेले. तिच्या सासूबाई बायडाबाई बाहेर बाकड्यावर बसल्या. मधला पडदा कापडी होता. तो नजर अडवत होता, आवाज नव्हे.

"पहिल्या खेपेला डोकं दुखायचं का गं?"

"लय. डोळ्यांम्होरं काजवं चमकायचं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी सासूबाईंना इचारलं. त्या म्हनल्या, झ्याक हाय, दोन भाकऱ्या जादाच खाती."

"आणि पायांची सूज?"

"त्या म्हनल्या, पोटुशीला यायचीच."

"मीही मान डोलावली. तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही."

"थोरल्यांच्या मदी कसं बोलायचं, बाई?"

"बाळ गेल्यावर तरी बोलायचंस."

"तवा कुनी इचारलंच न्हाई."

"आणि आता?"

"सकाळपास्नं काजवं दिसत्यात."

"मग आजच सांगलीला जायचं. मोठ्या दवाखान्यात."

पडदा सरला. बाहेर येताच नर्सबाईंनी सवयीने बायडाबाईंकडेच पाहिले.

"सूज कधीपासून आहे हिला?"

बायडाबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडले, मग मायाकडे पाहिले.

"तिलाच इचारा, बाई," त्या म्हणाल्या, आणि मायाला बसायला बाकड्यावर सरकल्या.