खिळ्यांचा पट्टा

(पारगावच्या शिवारातलं घर. अंगणाला लागून ऊस. सकाळ.)

आई : हलू नको गं, खिळा टोचंल.

आरती : पोरी रस्त्यावर थांबल्यात, आई! आणि हे गळ्यात घालून गेले ना, तर वर्गातला मोहित मला दहावीभर साळिंदर म्हणेल.

आई : म्हणू दे. साळिंदराच्या वाटंला कोण जातंय?

आरती : अगं, आज वर्गात मी शिकवणारे! अनुकूलन. म्हणजे जगायचं तर जीव कसा बदलतो, ते. सगळ्यांनी उंट घेतला, मी आपला बिबट्या घेतला. उसातच जन्मतो, उसातच वाढतो. त्याला वाटतं, हेच जंगल.

आई : लई कौतुक त्येचं! परवा साळुबाईची कालवड वढून नेली, तवा दातखीळ बसली व्हती तुझी. ...थांब. काय वाजलं?

आरती : वारा.

आई : पान हलंना, अन् म्हणं वारा.

आरती : मग घूस असेल. सोड ना!

आई : पट्टा घालून शाळा, न्हाईतर उद्यापासनं घरी बस. तुझं वडीलबी हेच म्हणलं.

आरती : घरी? दहावीत? बरं, घालते! पण मला सांग, तो माझ्यावर का येईल? आम्ही चौघी, उभ्यानं चालतो, केवढा कालवा करतो. वनखात्याचे साहेब शाळेत सांगून गेले, खाली वाकलेलं माणूस त्याला शेळीसारखं दिसतं. मग मागून येतो, आणि थेट मान...

आई : झालं? जया हाका मारतीय, पळ.

आरती : आई, तू आज कुठं खुरपणार?

आई : वरल्या कांद्यात.

आरती : उसाच्या कडेला?

आई : मग कांदा काय पत्र्यावर लावलाय?

आरती : एकटी?

आई : साळुबाई येनारे. गुडघं दुखत्यात तिचं. आली तर आली.

आरती : दिवसभर वाकून. तुझा पट्टा कुठाय?

आई : टायरच्या जुन्या ट्यूबात एकच पट्टा निघाला. माझा करत्याल तुझं वडील, सवडीनं.

आरती : इकडं हो. मान वर कर.

आई : आरते, काढू नको! सांगून ठेवते. बिनपट्ट्याची कशी जाशील तू?

आरती : उभी. आणि मोठमोठ्यानं बडबडत. तेवढं तर येतंच मला. ...जया, आले गं! ...आई, मान वर कर ना.

(आई मान वर करते. आरती आपला पट्टा काढून तिच्या गळ्यात बांधते.)

आरती : बस्स. घट्ट झाला?

आई : येक भोक सैल कर. वाकावं लागतंय.